भांडणाचा पेपर

अडाकोपेच्या शाळेत कोणाचंच कोणाशी भांडण नाही, ही गोष्ट उपमुख्याध्यापक गॉड्सवे दोत्से यांना आजवर कधी खटकली नव्हती. छप्पर गळायचं, ते खटकायचं. पाद्रीसाहेबांच्या शेळ्या गणिताच्या तासाला आत येऊन बसायच्या आणि निम्म्या मुलांपेक्षा शांत बसायच्या, तेही खटकायचं. पण भांडण नाही म्हणून माणसाची मान खाली जाऊ शकते, हे त्यांना कळलं ते होहोए शहरातल्या अभ्यासकेंद्रात, शालेय प्रशासनाच्या पदव्युत्तर वर्गात.

हा वर्ग शाळांना सुट्टी लागली की भरायचा. म्हणजे मुलं उंडारायला मोकळी आणि त्यांचे मास्तर लोक डबा घेऊन वर्गात. वर्गातले निम्मे विद्यार्थी मुख्याध्यापक होते आणि उरलेले निम्मे मुख्याध्यापक व्हायला टपलेले. दोत्सेसर टपलेल्यांत. त्यांच्या मुख्याध्यापिका मॅडम कम्फर्ट वर्षअखेरीला निवृत्त होणार होत्या. त्यांच्या खुर्चीचा एक पाय आखूड होता, पण खुर्ची ती खुर्ची. आणि आता तिच्यावर बसायला ही पदवी लागते असं वरून कळलं होतं. म्हणून सेहेचाळिसाव्या वर्षी दोत्सेसर तपकिरी कोट घालून पहिल्या बाकावर बसत आणि शंका असली तर हात वर करत. हात वर करायची लाज वाटायची, पण शंका फारच असायच्या.

शिकवायला डॉक्टर फियाग्बेबाई. उंच, सडपातळ, आणि चष्म्याच्या वरून बघायची सवय. त्या नजरेखाली चांगले टक्कल पडलेले मुख्याध्यापक खिशातलं च्युइंगम गिळून टाकायचे.

"ज्या शाळेत संघर्ष नाही ती शाळा नाही, दफनभूमी आहे," बाई म्हणाल्या. "प्रत्येकाने आपल्या शाळेतला एक संघर्ष शोधायचा आणि पुस्तकातल्या पायऱ्यांनी सोडवायचा. मी स्वतः येऊन बघणार आहे. बोला, कोणाकडे काय आहे?"

आणि मग लोकांनी जी श्रीमंती उघडून दाखवली! एकाच्या शाळेच्या जागेवर दोन गावप्रमुखांचा दावा होता आणि दोघांचेही ढोलवाले रोज फाटकाशी हजर असत. एका बाईंच्या मुख्याध्यापकांनी रागाने स्वतःला भांडारघरात कोंडून घेतलं होतं आणि खिडकीतून शाळा चालवत होते. वर्ग "वा, वा" करत होता. दोत्सेसरांची पाळी आली.

"आमच्याकडे... शेळ्या आहेत," ते म्हणाले.

"शेळ्या हा संघर्ष नव्हे, मिस्टर दोत्से."

"नाही मॅडम, पण त्या उठवल्या तरी उठत नाहीत."

वर्ग हसला. भांडारघरवाल्या बाई तर डोळे पुसत हसल्या. भर लग्नात आपल्याच अंगावर इस्त्री न केलेला शर्ट असावा तसं दोत्सेसरांना झालं.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं. देला शिवणकाम करायची. तिचं मशीन आणि तोंड बरोबरच चालायचं, आणि दोन्हीचा टाका पक्का.

"भांडण हवंय? लग्न झाल्यापासून तुम्ही ओला टॉवेल पलंगावर टाकताय. ते घ्या."

"ते कौटुंबिक झालं. मला संस्थेतलं पाहिजे."

"मग टॉवेल शाळेत न्या," देला म्हणाली आणि दोरा तोडला.

कुंपणापलीकडे अनानीदादा दात घासत हे सगळं ऐकत होते. अनानीदादांनी आयुष्यभर मालट्रक चालवला होता आणि आता निवृत्तीनंतर शेजाऱ्यांचे संसार चालवत होते. त्यांनी काडी तोंडातून काढली.

"गॉड्सवे, अरे, एवढं काय त्यात? नसेल तर बनव. लुटुपुटीचं. दोन भल्या माणसांना सांग, आठवडाभर भांडल्यासारखं करा. ती बाई येईल, तू मिटवशील, पास होशील. कोणाचं काय जातंय?"

"दादा, भांडण काय ट्रक आहे, हवं तिथे ब्रेक मारायला?" देला आतून म्हणाली.

"ट्रकसुद्धा मी कधी हवा तिथे थांबवला नाही," दादा म्हणाले, "पण थांबला तर नेहमीच."

आता भली माणसं कोण, हा प्रश्नच नव्हता. शाळेत ब्राइट क्लू इंग्रजी शिकवायचे आणि करेज आमेडो शेतकी. ब्राइट बारीक, बोलका, शाळेची नाटकं बसवणारा आणि स्वतःच्या कविता ऐकवणारा. करेज थोराड, अबोल, शाळेच्या वाफ्यातल्या वांग्यांशी तेवढा बोलणारा. नोकरीला लागल्या दिवसापासून दोघं दुपारी कडुनिंबाखाली एकाच वाडग्यातून जेवत. मक्याच्या पिठाचा वाफाळता गोळा, भेंडीचा रस्सा आणि वर एक मासा. गावात नवरा-बायकोचं वाजलं की म्हातारी माणसं त्या झाडाकडे बोट दाखवायची.

शाळा उघडली तशी दोत्सेसरांनी दोघांजवळ संकोचत विषय काढला.

"सर, तुमच्यासाठी जीव देऊ, भांडण म्हणजे काय!" ब्राइट उडालाच. "नाटकच की! कशावरून भांडायचं?"

इथे पहिली अडचण आली. राजकारण म्हणावं तर दोघांचा पक्ष एक. फुटबॉल म्हणावं तर संघ एक. चर्चसुद्धा एक, त्यातला बाक एक. बराच वेळ डोकं खाजवून शेवटी खडूवर ठरलं. करेजने ब्राइटचे रंगीत खडू न विचारता नेले, असा देखावा. ब्राइटने दोघांचीही वाक्यं लिहून काढली. करेजला चारच दिली, तीही आखूड.

सोमवारी मधल्या सुट्टीत सगळे शिक्षक खोलीत जमले असताना प्रयोग सुरू झाला. मॅडम कम्फर्ट कोपऱ्यात डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांचा कारभार बहुतेक असाच चालायचा, आणि खरं सांगायचं तर चांगला चालायचा.

ब्राइट गरजला, "माझे खडू कोणी नेले?"

"मी. नेले. मग. काय," करेज म्हणाला. सकाळच्या प्रार्थनेत पहिलीतलं पोर पाठ म्हणतं तसं.

ब्राइटमधला कलावंत दुखावला. असल्या सपाट साथीदाराबरोबर प्रयोग रंगणार कसा? त्याने आवाज चढवला, हात वर नेला, आणि लिहिलेलं सोडून तो वाहत गेला.

"खडूचं मरू दे! खडूच काय, तुला काहीही घ्यायची सवयच आहे! इतकी वर्षं आपण एका वाडग्यात जेवतो, एकदा तरी, करेज, एकदा तरी माशाचं डोकं माझ्यासाठी ठेवलंस?"

करेजचा चेहरा हळूहळू बदलला.

"हे ठरलं नव्हतं," तो हलकेच म्हणाला.

"अरे, ओघात आलं."

"ओघात तेच येतं, जे आत असतं." करेज उठून उभा राहिला. एवढं मोठं वाक्य तो वर्षभरात बोलला नव्हता, आणि अजून संपलं नव्हतं. "मग माझ्याही ओघातलं ऐक. तुझ्या कविता मी इतकी वर्षं कशा ऐकल्या माहीत आहे? तोंडात मासा ठेवून. तोंड भरलेलं असलं की 'वा' म्हणावं लागत नाही."

ब्राइटचा चेहरा उतरला. नाटकी नव्हे, खराच.

आणि दोत्सेसर? खोटं कशाला बोला, त्यांना आनंद झाला. खरं, अस्सल, कसदार भांडण! ढोलवाल्या गावप्रमुखांच्या तोडीचं! मॅडम कम्फर्टनी एक डोळा उघडला. "छान बसलंय नाटक," त्या म्हणाल्या. "संमेलनात घ्या." आणि डोळा मिटला.

दुसऱ्या दिवशी कडुनिंबाखाली दोन वाडगे आले. एक खोडाच्या या बाजूला, एक त्या बाजूला. संध्याकाळपर्यंत ही बातमी बाजारात पोचली आणि गाव सरळ दुभंगलं. ज्यांना माशाचं डोकं आवडतं ते ब्राइटचे, ज्यांनी त्याच्या कविता ऐकल्या होत्या ते करेजचे. दुसरा गट फार मोठा निघाला. दोघांच्या बायका चर्चच्या गायनात शेजारी उभ्या राहत. रविवारी त्यांनी एकच भजन दोन वेगांत म्हटलं. करेजची बायको आमेनपर्यंत पोचली तेव्हा ब्राइटची अजून तिसऱ्या कडव्यात होती. देलाने करेजची बाजू घेतली. दोत्सेसरांनी घरात आपण तटस्थ असल्याचं जाहीर केलं, तर त्यांना रस्सा तटस्थ मिळाला. ना मीठ, ना तिखट.

आता पुस्तकातल्या पायऱ्या. पहिली पायरी: समोरच्याचं मन लावून ऐका आणि त्याचंच म्हणणं त्याला परत बोलून दाखवा, म्हणजे त्याला हलकं वाटतं. दोत्सेसरांनी ब्राइटला कार्यालयात बसवलं. ब्राइट बोलला. दोत्सेसर खणखणीत आवाजात म्हणाले, "म्हणजे तुमचं म्हणणं असं, की करेज हा एक हावरट माणूस आहे!"

ब्राइटला खरंच हलकं वाटलं. पण खिडकीबाहेर करेज वांग्यांना पाणी घालत होता. त्याने आत डोकावून विचारलं, "सर, तुम्हीसुद्धा?"

"नाही, नाही! मी फक्त परत म्हणत होतो!"

"म्हणजे आधीही म्हणाला होतात," करेज म्हणाला आणि झारी उचलून निघून गेला.

दुसरी पायरी: तटस्थ त्रयस्थ. गावातला सगळ्यात तटस्थ माणूस म्हणजे पाद्रीसाहेब. ते आले, त्यांनी क्षमेवर सुंदर प्रवचन केलं, आणि शेवटी करेजकडे वळून म्हणाले, "आता तुम्हीही क्षमा शिका. माझी तांबडी शेळी तुमच्या वाफ्यात आली तेव्हा तुम्ही तिला दिवसभर बांधून ठेवली होती." त्रयस्थ बाद.

अनानीदादा रोज कुंपणावरून सूचना द्यायचे. एकदा म्हणाले, दोघांना माझ्या जुन्या ट्रकच्या केबिनमध्ये बंद करून टाक, ड्रायव्हर-क्लीनरचं मी नेहमी असंच मिटवायचो. दोत्सेसरांनी ते मानलं नाही. पुढे त्यांना वाटलं, तेच मानलं असतं तर बरं झालं असतं. कारण त्यांनी पुस्तकाची तिसरी पायरी घेतली: एकमेकांच्या जागी उभं राहून पाहा. म्हणजे आठवडाभर ब्राइटने शेतकी शिकवायची आणि करेजने इंग्रजी.

करेजने इंग्रजीच्या तासाला मुलांना शेणखतावर निबंध लिहायला लावला. ते एक वेळ ठीक. पण ब्राइटने पोरांना वाफ्यात नेलं आणि उत्साहाने तण काढायला सांगितलं. तण कोणतं आणि रोप कोणतं, हे त्याने दिसायला सुंदर काय यावरून ठरवलं. पोरांनी ओळीच्या ओळी उपटल्या. उरलेल्या गवताला मग आळं करून, नीट पाणी घातलं. उपटली गेली ती वांग्याची रोपं, शेतकरी दिनाच्या प्रदर्शनासाठी करेजने पोटच्या पोरांसारखी वाढवलेली.

करेज आला. वाफ्याकडे बघत उभा राहिला. दोत्सेसर आरडाओरड्याची वाट बघत होते. त्यासाठीसुद्धा पुस्तकात एक पायरी होती. पण करेजने सुकलेलं एक रोप उचलून मातीत परत खोचलं, उगाचच. हात पुसले. आणि त्याच दुपारी शिक्षण खात्याच्या कार्यालयात, देशाच्या पार उत्तरेकडे बदली मागणारा अर्ज देऊन आला.

दोत्सेसरांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. रस्सा तिखट झाला होता, तरीही.

"आता कसलं तोंड पाडताय?" देला म्हणाली. "मिळालं ना संस्थेतलं?" मग त्यांच्याकडे बघून तिने मशीन थांबवलं. तिने मशीन थांबवणं म्हणजे घरात कोणी तरी आजारी असणं. "अहो, त्या दोघांना जाऊन सांगा, चूक माझी होती म्हणून. पुस्तक न घेता जा."

ते जाणारच होते. पण त्याच्या आधी डॉक्टर फियाग्बेबाई येऊन ठेपल्या.

शिक्षकांच्या खोलीत टेबलावर नवं कापड, थंड पेयाच्या बाटल्या, मधोमध दोत्सेसर तपकिरी कोटात. एका टोकाला ब्राइट, दुसऱ्या टोकाला करेज, दोघंही भिंतीकडे बघत. बाई वही उघडून बसल्या.

दोत्सेसर खाकरले. "आज आपण सामायिक भूमिका शोधणार आहोत. मिस्टर क्लू, मिस्टर आमेडोंमधली तुम्हाला आवडणारी एक गोष्ट सांगा."

"सर, तुम्ही आता आम्हाला शिकवणार?" ब्राइट भडकला. "भांडा म्हणून सांगायला कोण आलं होतं?"

बाईंनी चष्म्याच्या वरून पाहिलं.

"हो," करेज भिंतीलाच म्हणाला. "आम्ही जेवत होतो."

"शांतपणे जेवत होतो!"

"आणि वाफ्यात मला कोणी पाठवलं?" ब्राइट पुन्हा उसळला. "मला कोथिंबीर आणि गवत यातला फरक कळत नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे!"

"ते खरं आहे मॅडम," करेज पहिल्यांदाच वळला. "याला काहीच कळत नाही. त्याला वाफ्यात पाठवणं हा त्याच्यावर अन्याय होता."

"आणि मला हावरटाचा मित्र म्हणाले!"

"मला हावरट म्हणाले."

"तुला? तुला हावरट? अरे, माझ्या आईच्या आजारपणात स्वतःचं सगळं बियाणं विकलंस तू..." ब्राइटला पुढे बोलता येईना, आणि ब्राइटला बोलता येत नाही हे बघून करेज इतका घाबरला की खुर्ची ढकलून धावतच त्याच्याकडे गेला.

मग दोघांनी मिळून दोत्सेसरांना जे काही सुनावलं ते इथे सांगण्यात अर्थ नाही. एकाने वाक्य सुरू करायचं, दुसऱ्याने संपवायचं. बाकीच्या शिक्षकांनीही संधी साधून आपापले जुने हिशेब मांडले. शेळ्यांपर्यंत विषय गेला. तपकिरी कोटापर्यंतही गेला. दोत्सेसर मध्ये उभे राहून सगळं ऐकत होते आणि, गंमत बघा, त्यांचा चेहरा खुलत चालला होता.

गलका ओसरल्यावर बाईंनी विचारलं, "मिस्टर दोत्से, ही कितवी पायरी?"

"मॅडम, मी जिन्यावरून पडलो," दोत्सेसर म्हणाले.

बाईंनी वही मिटली. ओठाचा कोपरा हलला असावा, पण खात्री देता येत नाही. "शुक्रवारी होहोएला तोंडी परीक्षा आहे. हे सगळं तिथे समजावून सांगा. मग गुणांचं बघू."

सगळं मिटलं, असं वाटलं. पण ज्या कार्यालयातून साधं छपराचं उत्तर यायला वर्षं लागतात, तिथून करेजचा बदलीचा हुकूम चार दिवसांत आला. उत्तरेकडे जायला कोणीच तयार नसायचं. स्वतःहून मागणारा माणूस त्यांनी पहिल्यांदा पाहिला होता आणि तो हातचा सोडायची त्यांची तयारी नव्हती. हुकूम वाचून करेज झाडाखाली बसून राहिला. ब्राइट शेजारी. दोघांपैकी कोणीच दोत्सेसरांना काही म्हणालं नाही. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

दोत्सेसर कार्यालयात गेले. कारकून सभ्य होता. सभ्य कारकुनाची फार भीती वाटते.

"बदली रद्द करायची तर कारण लागेल, सर."

"भांडण मिटलं."

"पण भांडण झाल्याची आमच्याकडे नोंद नाही. झालंच नाही ते मिटलं कसं?"

"झालं होतं हो. मीच लावलं."

"मग मिटल्याचा दाखला आणा. शालेय प्रशासनाची पदवी असलेल्या अधिकाऱ्याचा."

"ती पदवी मी घेतोच आहे. हे भांडण मिटल्याचं पटलं की मिळेल."

"मग पदवी मिळाली की या," कारकून आनंदाने म्हणाला.

"तोवर तो उत्तरेत पोचलेला असेल!"

"मग साहेबांनाच भेटा. साहेब शुक्रवारी असतात."

शुक्रवारी. दोत्सेसर कार्यालयाबाहेरच्या पायरीवर बराच वेळ उभे होते. मग घरी आले, आणि देलाला म्हणाले, "कोटाला इस्त्री कर. शुक्रवारी जायचंय." कुठे, ते तिने विचारलं नाही. अनानीदादांनी विचारलं, पण ते सगळंच विचारतात.

शुक्रवारी होहोएला जेव्हा दोत्से हे नाव पुकारलं गेलं, तेव्हा दोत्से कार्यालयाच्या बाकावर बसले होते. एका बाजूला पेन्शनची वाट बघणारा म्हातारा, दुसऱ्या बाजूला कोंबडी घेऊन आलेली बाई. साहेबांना आधी बैठक होती, मग कोणाच्या तरी अंत्यविधीला जायचं होतं, मग जेवण. ऊन बाकावर आलं, बाकावरून गेलं. कोंबडी दोत्सेसरांच्या बुटावर झोपली. शेवटी साहेब बाहेर निघाले ते गाडीच्या चाव्या हातात घेऊन, आणि दोत्सेसर त्यांच्या आडवे गेले. उभ्या जन्मात ते कोणाच्या आडवे गेले नव्हते.

"तुम्ही कोणत्या अधिकाराने बोलताय?" साहेबांनी विचारलं.

"कोणत्याच नाही, साहेब. मला परीक्षेसाठी भांडण हवं होतं. दोन मित्रांत मी ते लावलं. त्यांनी ते आपलं आपण मिटवलं. आता एकाला तुम्ही लांब पाठवताय. आज माझी परीक्षा होती, ती बुडवून आलोय. पाठवायचंच असेल तर मला पाठवा."

साहेबांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "मासा तोच काय?"

"काय साहेब?"

"ते माशाच्या डोक्याचं भांडण. ते तुमच्याच शाळेतलं? अहो, आमच्या घरी त्यावरून आठवडाभर वाद चाललाय!" आणि तिथेच, गाडीच्या टपावर कागद ठेवून, त्यांनी सही केली.

करेज राहिला. दोत्सेसरांचा पेपर राहिला. तो पुढच्या वर्षी द्यायचा, असं बाईंनी कळवलं. खाली हाताने लिहिलं होतं, या वेळी संघर्ष म्हणून शेळ्यासुद्धा चालतील. मॅडम कम्फर्ट निवृत्त झाल्या आणि आखूड पायाच्या खुर्चीवर बाहेरून नवीन मुख्याध्यापिका आल्या. परफेक्ट आग्बेन्यो, वय तिशीच्या आसपास, नवी कोरी पदवी. दोत्सेसरांनी त्यांना फाटकात हार घातला आणि मग आपल्या कोटाच्या बाह्या दोनदा सारख्या केल्या, ते देलाखेरीज कोणाच्या लक्षात आलं नाही.

पहिल्याच बैठकीत परफेक्टबाई उत्साहाने उभ्या राहिल्या. "मी असं मानते, की संघर्ष नाही अशी शाळाच नसते. तेव्हा मोकळेपणाने सांगा. इथे कोणाचं कोणाशी काय आहे?"

खोलीतल्या सगळ्या माना दोत्सेसरांकडे वळल्या. ब्राइटने करेजचा दंड घट्ट धरला.

दोत्सेसर उठले. त्यांनी कोटाची बटणं लावली.

"मॅडम," ते फार आदराने म्हणाले, "तुम्ही नव्या आहात, दमून आला आहात. आधी आमच्याबरोबर जेवून घ्या. वाडगा मोठा आहे."